प्रश्नांची चाळण : इंटरनेटच्या अतिवापराची मोजणी कशी सुरू झाली

धान्य निवडण्याची रीत आपण सर्वांनी लहानपणापासून घरात पाहिली आहे. आधी गहू चाळायचा, मग सुपात पाखडायचा आणि शेवटी ताट पुढे घेऊन, चष्मा लावून एकेक खडा हाताने वेचायचा. चाळण कितीही चांगली असली तरी गव्हाच्या दाण्याएवढा खडा गव्हाबरोबर वरच राहतो आणि बारीक पण चांगला दाणा खाली कचऱ्यात पडतो. म्हणून चाळल्यानंतरचे निवडणे कोणत्याच घरात चुकले नाही.

वैद्यकात ज्याला स्क्रीनिंग म्हणतात ती अशीच एक चाळण आहे. ज्यांना स्वतःहून काही तक्रार नाही, अशा पुष्कळ माणसांतून कोणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे एवढेच ती सांगते. निदान तिच्यानंतर होते. हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. तरीही काही वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्यात मी चाळणीला ताट समजलो. ती चूक सांगितल्याखेरीज या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१८ सालची गोष्ट. बेळगावच्या एका मराठी हायस्कुलातून दहावी झालेला मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षात होता. वडिलांचे छोटे दुकान. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मुलगा मोबाइलवर खेळतो, अशी त्यांची तक्रार होती. त्याच सुमारास एका परिसंवादातून मी वीस प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली घेऊन आलो होतो. घरी बसून तिचे मराठी केले होते आणि टेबलाच्या खणात तिच्या प्रती ठेवल्या होत्या. मुलाने दहा मिनिटांत कागद भरून दिला. बेरीज आली ७२. माझ्या कागदाच्या तळाशी कोष्टक होते : ७० ते १०० म्हणजे गंभीर. मी मुलाच्या देखतच वडिलांना म्हणालो, ‘हे व्यसनच आहे. मोबाइल काढून घ्या.’ वडिलांनी त्याच संध्याकाळी मोबाइल दुकानाच्या कपाटात कुलूपबंद केला.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी त्या कागदाची वंशावळ पाहू. मी ती नंतर वाचली. आधी वाचली असती तर ७२ या आकड्याला इतका मान दिला नसता.

कागदावरच्या होय-नाही प्रश्नांनी मन मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धातला. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. तोफांच्या माऱ्याने मन खचलेले सैनिक युरोपात हजारोंनी दिसत होते. भरतीच्या वेळीच अशी कच्ची माणसे ओळखावीत म्हणून कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ प्रश्नांचा एक तक्ता केला. एकेका रंगरुटाची मुलाखत घ्यायला वेळ नव्हता आणि तेवढे तज्ज्ञही नव्हते. हा तक्ता प्रत्यक्ष कामाला लागण्याआधीच युद्ध संपले, पण रीत मागे राहिली. माणसे पुष्कळ आणि तज्ज्ञ थोडे असले की प्रश्नावली जन्माला येते, हे या इतिहासाचे पहिले सूत्र ध्यानात ठेवावे.

दुसरे महत्त्वाचे वर्ष १९६८. त्या वर्षी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे डॉ. जॉन यूइंग यांनी दारूच्या व्यसनासाठी अवघ्या चार प्रश्नांची चाळण बसवली. पिणे कमी करावे असे कधी वाटले का, लोकांच्या टीकेने राग येतो का, अपराधी वाटते का, सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो का, एवढेच ते प्रश्न. ‘केज’ या नावाने आजही ती जगभर वापरली जाते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर या दोघांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कोणत्याही रोगासाठी चाळण लावण्यापूर्वी काय काय हाताशी असायला हवे याची दहा तत्त्वे तीत आहेत. त्यांतली तीन साध्या भाषेत सांगतो : रोगाला मान्य असा उपचार हवा, पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय हवी, आणि रुग्ण कोणाला म्हणायचे हे आधी ठरलेले हवे. इंटरनेटच्या अतिवापराच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी पाय लटपटतो, हे पुढे दिसेलच.

आता मूळ कथेकडे येऊ. तिची सुरुवात एका थट्टेने झाली. १९९४ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या रोगनिदान-ग्रंथाची चौथी आवृत्ती निघाली. तिला ‘डीएसएम’ म्हणतात. प्रत्येक मनोविकाराची लक्षणे क्रमांक घालून दिलेली, त्यांतली अमुक इतकी असली की तो विकार आहे असे ठरवायचे, अशी तिची धाटणी. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आयव्हन गोल्डबर्ग यांना ही धाटणी फार ताठर वाटे. १९९५ साली त्यांनी तिची नक्कल करून सहकाऱ्यांसाठीच्या संगणकीय सूचनाफलकावर एक नवा विकार जाहीर केला : इंटरनेट व्यसन विकार. त्याच्या लक्षणांत टंकलेखन करत असल्यासारखी बोटांची हालचाल होणे हेही एक होते! वाचणाऱ्यांनी हसावे एवढाच हेतू. पण आपल्याला हेच झाले आहे, मदत करा, असे त्यांना खरोखरच कोणी कोणी कळवू लागले. प्रत्येक वागणुकीला रोगाचे नाव देणे गोल्डबर्ग यांना अखेरपर्यंत पटले नाही, पण त्यांची थट्टा मात्र त्यांच्या हातातून सुटली होती.

याचा अर्थ माणसांचे दुःख खोटे होते असा नव्हे. थट्टेला लोकांनी ओ दिली, कारण कुठेतरी काहीतरी दुखत होते आणि त्याला नाव नव्हते.

ते दुखणे गांभीर्याने घेणारी पहिली मोठी अभ्यासक म्हणजे डॉ. किंबर्ली यंग. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ब्रॅडफर्ड येथील शाखेत त्या मानसशास्त्र शिकवत. १९९६ साली त्यांनी ४३ वर्षांच्या एका गृहिणीची हकिगत प्रसिद्ध केली. संगणकाशी या बाईंचा पूर्वी काही संबंध नव्हता, आधी कसलेही व्यसन नव्हते, मनोविकार नव्हता, आणि तरी गप्पांच्या कक्षात त्या इतक्या गुंतल्या की संसार मोडकळीला आला. संगणकवेडा म्हणजे तरुण मुलगा, हा समज या हकिगतीने मोडला.

त्याच वर्षी टोरांटोच्या एका परिषदेत यंग यांनी मोठा अभ्यास मांडला. तो १९९८ साली छापून आला. तिथे आठ प्रश्नांची पहिली प्रश्नावली आपल्याला भेटते. हे आठ प्रश्न आले कुठून? रोगट जुगाराच्या निदानातून! डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत जुगाराची दहा लक्षणे होती. इंटरनेटला लागू न पडणारी दोन त्यांनी वगळली आणि उरलेल्या आठांत जुगाराच्या जागी इंटरनेट घातले. पाच किंवा अधिक होकार म्हणजे परावलंबी. पोटात कोणताही मादक पदार्थ न जाता सुटत नाही अशी सवय म्हणजे जुगार, तेव्हा उसनवारीसाठी तोच जवळचा, हा त्यांचा विचार होता. नवा रोग ओळखायला जुन्या रोगाची फूटपट्टी घेणे ही वैद्यकातली नेहमीचीच वाट आहे. पण उसन्या फूटपट्टीत एक गृहीत दडलेले असते. जुगाऱ्याला जुगार सोडता येतो; जुगारावाचून त्याचे काही अडत नाही. इंटरनेटचे तसे आहे का?

त्या अभ्यासात ४९६ जणांची उत्तरे धरली होती. त्यांतले ३९६ परावलंबी ठरले, १०० ठरले नाहीत. ऐंशी टक्के लोक व्यसनी, असा याचा अर्थ लावू नका. यंग यांनी वर्तमानपत्रांतून आणि इंटरनेटवरून आवाहन केले होते, आणि ज्यांना आपले काही चुकते आहे असे वाटत होते तेच मुख्यतः पुढे आले. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांची मोजणी करून गावातल्या आजाऱ्यांचे प्रमाण काढता येत नाही. परावलंबी ठरलेल्यांचा कामाव्यतिरिक्त वापर आठवड्याला सरासरी ३८.५ तास होता आणि इतरांचा ४.९ तास. तो फोनच्या तारेवरून जोडणी घेण्याचा काळ होता. अनेकांना तासावर पैसे मोजावे लागत. माणूस इंटरनेटवर ‘जात’ असे आणि तेथून ‘परत येत’ असे. म्हणून तास मोजता आले. आज खिशातला फोन झोपेतही जोडलेला असतो. आता तास कुठून धरायचे आणि कुठे सोडायचे?

१९९८ सालच्या आपल्या पुस्तकात यंग यांनी वीस प्रश्नांची मोठी प्रश्नावली दिली. जगभर सर्वाधिक वापरली गेली ती हीच, आणि माझ्या खणातला कागद तिचाच. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, एकूण शंभर. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला अगदी खालचे उत्तर देणाऱ्या माणसालाही वीस गुण मिळतातच. महत्त्वाची कामे सोडून आधी ई-मेल पाहता का, असे तिच्यात विचारले आहे. आजच्या मुलांना ई-मेल ही नोकरीच्या अर्जापुरती वस्तू. जोडीदाराच्या सहवासापेक्षा इंटरनेट अधिक आवडते का, असाही एक प्रश्न आहे. तो सोळा वर्षांच्या मुलापुढे ठेवायचा कसा? मी तो तसाच भाषांतर करून ठेवला होता. मुलाने काय मनात धरून गुण दिले असतील, हे मी त्याला विचारलेदेखील नाही.

त्याहून गंभीर गोष्ट कोष्टकाची. या एकाच प्रश्नावलीची दोन कोष्टके प्रचारात आहेत. एकात ४० पासून त्रास आणि ७० पासून गंभीर त्रास. दुसऱ्यात ५० पासून आणि ८० पासून. म्हणजे माझा ७२ गुणांचा मुलगा एका कागदावर गंभीर, तर दुसऱ्यावर मधल्या गटातला. मुलगा तोच, उत्तरे तीच. कोणती प्रत हाती आली यावर त्याचे नशीब ठरले. सीमारेषा निसर्गात आखलेली नसते, ती माणसाने आखलेली असते. कशी आखली, कोणाची मुलाखत घेऊन पडताळली, हे विचारल्याशिवाय आकड्यावर बोट ठेवू नये.

ही उणीव लवकरच इतरांच्याही लक्षात आली. २००१ साली बिअर्ड आणि वुल्फ या दोघांनी आठ प्रश्नांची नव्याने वाटणी केली. पहिले पाच प्रश्न मनाच्या ओढीचे. त्या पाचांनाही होकार हवा. उरलेले तीन नुकसानीचे : खोटे बोलणे, नाती किंवा नोकरी धोक्यात येणे, दुःखापासून पळण्यासाठी वापर करणे. त्यांतल्या निदान एकाला तरी होकार हवा. नुसती ओढ हा रोग नव्हे, तिने आयुष्यात काही बिघडले आहे का ते पाहा, हा त्यामागचा विचार. मला तो या साऱ्या इतिहासातला शहाणपणाचा टप्पा वाटतो.

दुसरा शहाणपणाचा टप्पा तैवानचा. तिथे २००३ साली चेन आणि सहकाऱ्यांनी २६ प्रश्नांची प्रश्नावली चिनी भाषेतच तयार केली. दोन वर्षांनी को आणि सहकाऱ्यांनी तिचे गुण मानसोपचारतज्ज्ञांनी घेतलेल्या मुलाखतींशी ताडून पाहिले आणि एक नव्हे, दोन रेषा आखल्या : चाळणीसाठी ५८ आणि निदानासाठी ६४. चाळताना भोके वेगळी आणि निवडताना नजर वेगळी, हे त्यांनी आकड्यांत मांडले. दक्षिण कोरियात सरकारी संस्थेनेच २००२ साली आपली राष्ट्रीय प्रश्नावली तयार करून घेतली. २०१३ साली तिथल्याच संशोधकांनी स्मार्टफोनसाठी दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली केली. तिच्यात मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ अशा निरनिराळ्या रेषा आहेत. दरम्यान २०११ पासून कोरियात सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा होता. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो मागे घेण्यात आला.

चीनमधला अध्याय मात्र दुःखाचा आहे. ‘इंटरनेट व्यसनी’ हा शिक्का बसलेल्या मुलांसाठी तिथे ठिकठिकाणी लष्करी शिस्तीच्या छावण्या निघाल्या. घाबरलेले आईबाप पैसे मोजून मुलांना तेथे पोचवत. शांडोंग प्रांतातील एका रुग्णालयात तर विजेचे झटके दिले जात. २००९ च्या जुलैमध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हा प्रकार थांबवण्याचा आदेश काढला. पुढच्याच महिन्यात ग्वांगशी प्रांतातील एका छावणीत एक किशोरवयीन मुलगा, दाखल झाल्यानंतर काही तासांतच, मारहाणीने मरण पावला. आईबापांनी त्याला बरा व्हावा म्हणूनच नेऊन सोडले होते. कागदावरचा शिक्का कुठवर पोचू शकतो हे सांगण्यासाठी एवढे पुरे.

या घडामोडींकडे पाहत जागतिक वैद्यक सावधपणे पावले टाकत राहिले. २०१३ साली डीएसएमची पाचवी आवृत्ती आली. तिने ‘इंटरनेटवरील खेळांचा विकार’ नऊ लक्षणांसह नोंदवला, पण मुख्य यादीत नव्हे. अधिक अभ्यास हवा असलेल्या विकारांच्या भागात. जागतिक आरोग्य संघटनेने ‘खेळांचा विकार’ आपल्या अकराव्या रोगसूचीत घेतला. ती सूची मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातल्या अटी पाहा : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर साऱ्यापेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, जगण्याची घडी ठळकपणे बिघडणे, आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकणे. तास किती, याचा आकडा तिथे नाही. ‘इंटरनेट व्यसन’ हा सरसकट विकार या दोन्ही ग्रंथांनी आजवर मान्य केलेला नाही. पण त्याच्या प्रश्नावल्या? २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यांची गणती केली तेव्हा त्या ४५ भरल्या. रोग कोणता हे ठरण्याआधीच त्याच्या ४५ चाळण्या बाजारात आल्या होत्या.

इथे थोडे गणित करू. आठवीच्या मुलालाही जमेल असे आहे. समजा एका कॉलेजात हजार विद्यार्थी आहेत आणि त्यांतले तीस खरोखर अडचणीत आहेत. समजा आपली चाळण फार चांगली आहे : खऱ्या दहांपैकी नऊ पकडते आणि धडधाकट दहांपैकी नऊ जणांना बरोबर सोडते. तर तिसांपैकी २७ सापडतील. उरलेल्या ९७० पैकी दहावा हिस्सा, म्हणजे ९७ मुले, काही नसताना अडकतील. एकूण १२४ जणांना चिठ्ठी मिळेल, आणि त्यांतल्या साधारण पाचांपैकी चौघांना तो त्रास नसेलच. चाळण वाईट म्हणून असे होत नाही. खडे थोडे आणि गहू पुष्कळ असला की असेच होते. आता या १२४ मुलांच्या आईबापांना थेट पत्रे गेली तर किती घरांत काय होईल याची कल्पना करा. आणि निसटलेल्या तिघांना ‘तुझे ठीक आहे’ असे सांगितले गेले असेल, तेही ध्यानात घ्या.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे गोल्डबर्ग यांची थट्टा आणि आपले इंटरनेट एकाच वर्षाचे. नव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावातली मुले तासावर पैसे देऊन सायबर कॅफेत बसत; घड्याळ मालकाच्या हातात असे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि ते घड्याळच गेले. उपचाराची सोयही हळूहळू उभी राहिली. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत २०१४ साली ‘शट क्लिनिक’ सुरू झाले. नावावरून वाटेल की फोन बंद करायला लावतात. पण त्या अक्षरांचा अर्थ आहे तंत्रज्ञानाच्या निकोप वापरासाठी सेवा. वापर सुटणार नाही, तो निकोप करायचा आहे, हे त्या नावातच आले. जुगाराच्या फूटपट्टीतली अडचण इथे सुटते.

राहता राहिला प्रश्न भाषेचा. आपल्यासारख्या सीमेवरच्या घरांत मूल आईशी मराठीत, रस्त्यावर कन्नडमध्ये आणि वर्गात इंग्रजीत बोलते. प्रश्नावलीतले ‘अस्वस्थ’, ‘चिडचिड’, ‘उदास’, ‘रिकामपण’ हे शब्द त्याला कोणत्या भाषेत विचारायचे? भाषांतर करून ते दुसऱ्याकडून उलट मूळ भाषेत करून पाहणे, मग थोड्या मुलांवर तपासणे, असा भाषांतराचा शिरस्ता आहे. मी रविवारच्या एका दुपारी एकटाच बसून ते उरकले होते.

आता त्या मुलाकडे येतो. तीन आठवड्यांनी त्याची मावशी त्याला घेऊन आली. वजन उतरले होते. कॉलेजला जात नव्हता. फोन नसतानाही रात्रभर जागाच होता. या वेळी मी खण उघडला नाही. दार लावले, खुर्ची जवळ घेतली आणि विचारले, ‘रात्री जागून काय करत होतास रे?’ बराच वेळ तो गप्प राहिला. मग बोलू लागला. कॉलेजात सगळे इंग्रजीत चालते. पहिल्याच आठवड्यात उत्तर देताना अडखळला आणि वर्ग हसला. त्यानंतर त्याने तोंड उघडले नव्हते. दहावीचे चार मित्र पांगले : एक कोल्हापूरला, एक पुण्याला, दोघे डिप्लोमाला. रात्री अकरानंतर चौघांचे आवरले की ते खेळात भेटत. खेळता खेळता बोलत. तो म्हणाला, ‘डॉक्टर, दिवसभरात मी तेवढाच बोलायचो.’

माझ्या वीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. त्याचा फोन मी काढून घ्यायला लावला होता, म्हणजे त्याच्या दिवसातले तेवढेच बोलणे मी बंद केले होते.

आम्हा होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यांना हानेमान यांचा ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ शिकवतात. त्याची पहिली आवृत्ती १८१० ची. रुग्णाची हकिगत कशी घ्यावी याबद्दल त्यात बरीच सूत्रे आहेत. ८७ व्या सूत्राचा आशय असा की, वैद्याने रुग्णाला नुसते होय-नाही म्हणता येईल असे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. तसे केले तर रुग्ण आळसाने किंवा विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून अर्धवट खरे सांगून मोकळा होतो. परीक्षेत या सूत्रावर मी पानभर उत्तर लिहिले होते. ज्या दिवशी ते लागणार होते त्या दिवशी मात्र कागद पुढे सरकवला. औषधपद्धतींबद्दल मतभेद असू शकतात. पण हकिगत ऐकण्याबद्दल कोणत्याही पद्धतीत दुमत नाही.

मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी नैराश्याचे निदान केले. मोबाइल म्हणजे त्याचे दुखणे नव्हते, दुखण्यावर त्याने स्वतःच बांधलेली पट्टी होती. आणि मी पट्टी तेवढी ओढून काढली होती. औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. मोबाइल परत मिळाला, रात्री बाराला बंद करायचा हे त्याने स्वतः ठरवले. इंग्रजीसाठी एक बाई शिकवायला येऊ लागल्या. त्याचे एक वर्ष मात्र गेले. ते त्याचे गेले, माझे नाही, हे मी विसरत नाही.

मग प्रश्नावल्या टाकून द्याव्यात का? मुळीच नाही. ‘केज’च्या चार प्रश्नांनी दारूचा विषय काढणे असंख्य डॉक्टरांना सोपे झाले. लाजऱ्या मुलाला तोंडी सांगता येत नाही ते तो कागदावर मांडतो. माझ्या खणात आजही प्रती आहेत, फक्त तळाचे कोष्टक कापून टाकले आहे. कागद भरून झाला की मी बेरीज सांगत नाही. ज्या प्रश्नाला मुलाने सर्वांत जास्त गुण दिले त्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘याबद्दल सांग.’ तिथून ताटातले निवडणे सुरू होते.

आमच्या जैन घरांत आलोचनेची रीत आहे. माणूस आपल्या दोषांची यादी स्वतः म्हणतो, स्वतःपुढे आणि आपल्या आराध्यापुढे. भोगोपभोगपरिमाण नावाचे एक व्रतही आहे : उपभोगाची मर्यादा आपली आपण आखायची. या दोन्हींत मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असतो. प्रश्नावली अशा हाताने भरली गेली तर ती उपकारक ठरते. शाळेने, डॉक्टराने किंवा बापाने ती आरोपपत्रासारखी पुढे ठेवली की मूल एकतर खोटे लिहिते किंवा खरे लिहून शिक्षा भोगते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज असा एखादा कागद घेऊन घरी येतील. काहींची मुले दूरदेशी आहेत, आणि रात्री उशिरापर्यंत फोन हातात धरून बसणारे आपण स्वतःच असू. आकडा दिसला तर घाबरू नका आणि झटकूनही टाकू नका. एवढे पाहा : झोप, जेवण, अभ्यास किंवा काम, माणसांत मिसळणे, यांपैकी काय बिघडले आहे? ते केव्हापासून? फोन आधी आला की दुःख आधी आले? आणि फोनमध्ये जे मिळते ते घरात, गावात मिळण्याची काही सोय आहे का? बिघाड खरा असेल, महिनोन्‌महिने चालला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच नको. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथे आपल्या भाषांतही बोलता येते.

तो मुलगा आता नोकरीला आहे. अधूनमधून दवाखान्यावरून जाताना आत डोकावतो, दोन मिनिटे उभा राहून मराठीत गप्पा मारतो. मी रुग्ण थांबवून त्या ऐकतो.